पंपाशी अडकलेला आवाज

फरीदाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रिक्षात एकटी बसली होती आणि तिचा नवरा घरातून निघत नव्हता.

१९९८ साल. रत्नागिरीत उद्यमनगरला मी नुकतीच राहायला आले होते. शेजारचे हारुनभाई बोटीवर खलाशी. त्या दिवशी मुंबईची गाडी धरून ते पुढे बोटीवर जाणार होते. सामान रिक्षात, बायको रिक्षात, आणि हे दारात उभे.

"दिवे बघितलेस? गॅस बघितलास? पंप बंद केलास काय? मागच्या दाराची कडी?"

"अवो, मी हितं बसलंय, घरात कोण हाय कडी लावायला? चला आता!"

रिक्षावाला काशीराम मला म्हणाला, "हे असंच असतं, बाई. भाभी आधी येऊन बसतात, नायतर हे गाडी चुकवतील." मग हारुनभाईंनी स्वतः आत जाऊन सगळं पुन्हा तपासलं, कुलूप लावलं, शेजारीण म्हणून मलासुद्धा "बरं, येतो मी" सांगितलं, आणि रिक्षा सुटली. फरीदा मला बघून हसली. कपाळावर हात मारून हसली.

पुढच्या काही वर्षांत त्या बाईने मला किती सांभाळलं, ते सगळं लिहीत बसत नाही. एकच सांगते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा औषधाचे थेंब घालायला ती यायची. हनुवटीला दोन बोटं लावून मान वर करायची आणि "बाई, वर बघा, माळ्यावर मांजर हाय" म्हणायची. माळ्यावर मांजर कधीच नव्हतं. मी दर वेळी वर बघायची. पुढे जे सांगणार आहे, त्यातला लॅपटॉपचा इंग्रजी पडदा मी वाचू शकले ती तिने राखलेल्या डोळ्यांनी.

२००३ मध्ये हारुनभाईंनी सुट्टीवर येताना एक जुना लॅपटॉप आणला. बोटीवरच्या इंजिनीअरने नवीन घेतला म्हणून जुना यांना देऊन टाकलेला. त्यात त्यांनी एक गंमत करून ठेवली होती. लॅपटॉप बंद करायला घेतला की त्यांचाच आवाज यायचा, "फरीदा, ऐकतेस ना? दिवे बघ. गॅस बघ. पंप बंद केलास का बघ. मागच्या दाराची कडी लाव. बरं, येतो मी." तेवढं बोलून झालं की पडदा काळा. गंमत करून हारुनभाई पुन्हा बोटीवर गेले.

मुलगी तस्नीम लग्न होऊन चिपळूणला गेलेली. घरात फरीदा एकटी. रोज संध्याकाळी ती लॅपटॉप उघडते हे माझ्या खिडकीतून दिसायचं. एकदा विचारलं, "उघडून करतेस काय गं?"

"बंद करते," ती म्हणाली.

मग २००४ साली हारुनभाईंची बोट परदेशातल्या कुठल्याशा बंदरात अडकून पडली. मालकाचं आणि बंदरवाल्यांचं भांडण. माणसांना उतरता येईना, फोन येईना. फरीदा रोजच्यासारखी स्वयंपाक करायची, शिवण करायची, हसायचीसुद्धा. फक्त तिच्या पोळ्या जाड व्हायला लागल्या. आणि त्याच दिवसांत एका संध्याकाळी वीज गेली, बॅटरी आधीच मेलेली म्हणून लॅपटॉपही बोलता बोलता मध्येच गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो बंद होईनासा झाला. आवाज मध्येच तुटायचा आणि पडदा 'बंद होत आहे' असं इंग्रजीत लिहून तसाच राहायचा. पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं तरी तेच. शेवटी खटका दाबून धरायचा, की मरायचा.

मारुती मंदिराजवळच्या दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, "असा खटका दाबून मारत राहिलात तर एक दिवस उघडणारच नाही. फॉरमॅट मारून देतो."

"मग आतलं?"

"आतलं सगळं जाईल, भाभी."

तिने लॅपटॉप ओढणीत गुंडाळला आणि थेट माझ्याकडे आली. "बाई, तुम्ही कॉम्प्युटरचा कोर्स केलाय ना? बघा."

कोर्स मी निवृत्तीआधी केला होता, पण सरकारी सक्तीने. तरी आमच्या शिकवणाऱ्या सरांनी सांगितलेलं एक लक्षात होतं: यंत्र अडलं की एकेक गोष्ट बाजूला करून बघायची. जेवणं उरकून आम्ही बसलो. मागे चालू असलेले प्रोग्राम एकेक करून थांबवले. माउसची वायर काढली. विषाणू शोधणारा प्रोग्रामही काढला. दर वेळी बंद करून बघायचं, दर वेळी तेच. मी कंटाळले. फरीदा नाही. ती पडद्याकडे बघत नव्हतीच, कान देऊन बसली होती.

"बाई," ती म्हणाली, "हे पंपापर्यंत येतात आणि थांबतात. कालही पंप, आजही पंप."

तोवर मला वाटत होतं, यंत्र अडतं म्हणून आवाज तुटतो. उलटं असेल असं मनातच आलं नव्हतं. मी आवाजांच्या यादीत जाऊन बंद होतानाचा आवाज काढून टाकला आणि बंदचं बटण दाबलं. पडदा क्षणात काळा.

फरीदा मग अशी हसली की डोळ्यांतून पाणी. "तरी म्हटलं! काशीरामची रिक्षा दारात उभी करून ठेवणारा माणूस, ह्या डब्याला बरा सोडेल!"

हसू ओसरल्यावर तिने हळूच विचारलं, "पण मग बोलणार कसे?"

आवाजाची ती फाइल मी उघडली. वीज गेली तेव्हा पंपापाशी ती बिघडली होती. पंपाच्या पुढे सरकवून लावली तर शेवट नीट वाजत होता. म्हणजे बिघडलेला भाग कापावा लागणार. अलीकडचं ठेवायचं तर पलीकडचं जाईल, पलीकडचं ठेवायचं तर अलीकडचं. दोन्ही तुकडे जोडता आले असते की काय, देव जाणे. मला तेवढं येत नव्हतं, आणि यंत्र पुन्हा दुकानात न्यायला ती तयार नव्हती.

मी म्हटलं, "सुरुवात ठेवू या. मोठी आहे. तुझं नावही आहे त्यात."

"नको."

"अगं, शेवटी नुसतं कडी लाव आणि येतो मी, एवढंच उरेल."

"बाई, दिवे मी बघते. गॅस मी बघते. माझं नाव मला ठाऊक हाय." तिने बोट पडद्यावर ठेवलं. "माणूस दर्यावर असताना त्याचं 'येतो' कापायचं नाय. बाकीचं कापा."

मी कापायची जागा ठरवून बटणावर बोट नेलं. तिने माझ्या मनगटाला धरलं, थेंब घालताना हनुवटी धरायची तसं, आणि मी कापलं. मग उरलेला तुकडा बंद होण्याच्या जागी परत लावला. बंदचं बटण तिने स्वतः दाबलं.

"मागच्या दाराची कडी लाव. बरं, येतो मी."

पडदा काळा झाला. फरीदा उठली आणि खरंच माझ्या मागच्या दाराची कडी लावून आली.

बोट सुटायला पावसाळा उलटला. हारुनभाई आले तेव्हा काशीरामने रिक्षाचा भोंगा नाक्यापासून वाजवत आणला. त्यानंतर ते बोटीवर गेलेच नाहीत. पुढे कधीतरी लॅपटॉप कायमचा मिटला, तर फरीदा म्हणाली, "असू दे. बोलणारा घरात हाय, आणि त्याला खटका नाय." आता हारुनभाई रोज संध्याकाळी माझ्याही दाराशी येऊन विचारतात, "बाई, पंप बंद केलात?" एकट्या बाईला रोज असं कुणी विचारतं, यासाठी मी कुणाकुणाचे आभार मानू?

फरीदा सध्या तस्नीमच्या बाळंतपणासाठी चिपळूणला आहे. बुधवारी परत येते.