विलासच्या आईच्या नावाने गेलेला मेल

सकाळी दहाला पार्वतीकाकू ऑफिसात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मी हात पसरला असं लिवलं कुनी?"

समीर, विलासच्या प्रचाराचा कॅम्पेन मॅनेजर, लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला. लिहिलं होतं मी.

ऑफिस म्हणजे कर्जत स्टेशनजवळ सिमेंटच्या दुकानावरची एक खोली. पंखा किरकिरायचा, शेजारच्या हॉटेलातून वड्यांचा वास यायचा आणि आम्ही सहा जण दिवसभर भांडायचो. त्या खोलीची आज इतकी आठवण येते, काय सांगू! मुंबईतल्या जाहिरात कंपनीतून रिटायर होऊन मी नुकतीच इथे राहायला आले होते, आणि प्रचाराचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. काकूंचा एकुलता एक विलास, साजगावच्या कारखान्यात युनियनचं काम केलेला, विधानसभेला अपक्ष उभा राहिला होता. खिशात दमडी नाही. मग ठरलं, की कर्जत-खालापूरची जी मुलं पुण्या-बंगळुरात नोकरीला आहेत, त्यांच्याकडे ईमेलने वर्गणी मागायची.

या मेलचं एक तंत्र असतं. सब्जेक्ट लाइन, म्हणजे मेल उघडायच्या आधी दिसते ती ओळ, अर्धवट सोडायची. माणूस उघडतोच. मग डेडलाइन. 'आज संध्याकाळी सहाच्या आत.' सहाला काय होणार होतं? डोंबल! सहाला आम्ही चहा प्यायचो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट सेंडर नेम, म्हणजे मेल कुणाच्या नावाने आला ते. उमेदवाराचं नाव दिसलं की लोक डिलीट करतात. आईचं दिसलं की थांबतात.

"आईच्या नावाने टाकू," समीर म्हणाला.

"काकूंना विचारलंस?"

"मॅडम, मुलासाठीच आहे ना? त्यात काय विचारायचं?"

मी विषय तिथेच सोडला. वर उत्साहाने लिहिलं, 'नवरा गेला तेव्हाही कुणापुढे हात पसरला नाही. आज पहिल्यांदा पसरतेय.' लिहून झाल्यावर माझेच डोळे भरून आले. जन्मभर साबण विकला, तरी बाई आपणच लिहिलेल्या कॉपीला फसते!

मेल तुफान चालला. समीर नाचायचा बाकी होता. पण वाचणाऱ्या मुलांनी लगेच आपापल्या घरी फोन लावले. पार्वतीकाकू अडचणीत आहेत म्हणे, जरा बघा. दुसऱ्या दिवशी उजाडताच पळसदरीला काकूंच्या ओट्यावर बायका हजर. कुणी तांदूळ आणले, कुणी वाल, कुणी अंडी. अडलेल्या घरी गावात असंच जातात.

काकूंनी घरोघर दूध घालून विलासला वाढवलं. शेजारून कधी वाटीभर साखरही उसनी आणली नाही. तेवढीच त्यांची श्रीमंती, आणि ती मी त्यांना न विचारता खर्चून बसले होते.

"आता कोन्त्या तोंडानं गावात फिरू गं मी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समीर म्हणाला, "काकू, उलट बेस्ट झालं! आता तुमचा फोटो टाकून दुसरा मेल..."

"गप रं!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल गं तू. जे लिवलंस ते दारोदार सांग."

गेले. रिक्षात पायाशी तांदळाच्या पिशव्या, मांडीवर अंडी. प्रत्येक दारात ज्याचं त्याला परत देत मी म्हणायचे, "हे मी लिहिलं. काकूंनी काही मागितलं नाही." तिसऱ्या घरी एका आजोबांनी विचारलं, "शिकलेली ना तू?" मी हो म्हटलं. "वाटलंच," म्हणाले, आणि चहा ठेवायला सांगितला. त्या दिवशी मी किती चहा प्याले, देव जाणे.

शेवटचं घर सोनाबाईंचं. काकूंची लग्नापासूनची शेजारीण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण पिशवी हातात घेईनात.

"म्हंजे तू नाय मागितलंस?"

"नाय गं."

"हात्तिच्या!" त्या मटकन खाली बसल्या. "मला वाटलं, एकदाचं मागितलं हिनं. माझ्या बाळंतपनात सवा म्हयना दूध घातलंस. पैशे घेतले नायस. कदी काय द्याया आले, तर नको म्हनलीस. सकाळी ते तांदूळ भरताना मला किती बरं वाटलं, ठाव हाय?" आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

काकूंनी वाकून पिशवी उचलली, काखोटीला मारली.

"भात टाकते. जेवाया ये," म्हणाल्या. मला नुसती मानेने खूण केली. मीही जेवले.

दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने खुलाशाचा मेल गेला. तो फारसा कुणी उघडला नाही. निवडणुकीत विलास पडला. समीर मुंबईला परत गेला.

धंद्यातला धडा एवढाच, की ज्याच्या नावाने मागायचं, त्याला आधी विचारावं. पण काकूंना विचारलं असतं, तर त्या नाहीच म्हणाल्या असत्या, आणि सोनाबाईंचे तांदूळ त्या घरात कधी शिजलेच नसते. म्हणून हा धडा मी सांगते खरी, पण फार ठासून सांगत नाही.