बंद नंबर आणि बिझी टोन

मित्रांनो, आज ऑफिसात एक काम एकदम बराबर केलं आणि तेव्हापासून घास उतरला न्हाई.

नवीन जालन्यात आमचं बियाण्याचं ऑफिस. तिथली फोनची यंत्रणा मी बघतो. कॉल लागला न्हाई की बाहेरच्या लाईनीवरून एक कोड येतो. समोरचा बोलून राह्यलाय की नंबरच बंद झालाय, ते त्यावरून कळतं. आमचा गेटवे, म्हंजे ऑफिसचे फोन बाहेरच्या लाईनीला जोडणारी पेटी, मात्र सगळ्यालाच बिझी दाखवायची आणि गिऱ्हाइकांना फोन लावणाऱ्या पोरी बंद नंबर पुन्हा पुन्हा लावत बसायच्या. सकाळी मी ते कोड बदलले, बंद नंबरला बंदच सांगेल असं केलं. साहेब खूश.

दुपारी रिसेप्शनवरच्या सुनंदाताई माझ्या टेबलापाशी आल्या. डोळे लाल.

"भाऊ, फोनला काय केलं? ह्यांचा नंबर लावला तर म्हणतंय, हा नंबर अस्तित्वात नाही."

त्यांचे मिस्टर पोळ्याच्या आधी वारले. नंबर नंतर बंद झाला.

"मोबाईलवरून लावायची हिंमत न्हाई झाली. इथून रोज डब्बा खाल्ला की लावायची. बिझी यायचा. वाटायचं, बसलेत कुणाशी तरी बोलत. बोलायची लई हौस त्यांना."

मी जल्दी जल्दी त्या एका नंबरला जुना कोड लावून दिला. म्हणलं, ताई, आता लावून बघा.

त्यांनी लावला. बिझी टोन ऐकला आणि रिसीव्हर हळूच खाली ठेवला.

"राहू द्या भाऊ. हा बिझी तुम्ही लावलाय."

तो कोड अजून तसाच आहे. काढायला मन होईना. तुम्ही काढला असता?