बरणीखालचं लेबल

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. तिच्या मुलीने, मुक्ताने, दोन वाक्यांत सांगितलं. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं... फोन ठेवून मी उरलेल्या चार उत्तरपत्रिकाही तपासल्या. दगड आहे ही बाई, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. या वयात दुःखसुद्धा मला दमून, उशिरा गाठतं.

आम्ही दोघी रत्नागिरीच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाच्या पदवीसाठी एकाच वेळी लागलो. मी केळशीची, ती देवरूखच्या वरच्या डोंगरातली. बांगड्याच्या मांसातलं एक प्रथिन किती तापमानाला बिघडतं, हे आम्हाला शोधायचं होतं. त्यासाठी भल्या सकाळी मिरकरवाड्याच्या जेटीवरून ताजा बांगडा आणायचा. पहिल्या दिवशी तिने डोळे पांढरे झालेला मासा उचलला, तेव्हा मी तिला कल्ले उघडून बघायला शिकवलं. बाकी सगळं मी तिच्याकडून शिकले. प्रथिन म्हणजे घडी घातलेली लांबच लांब साखळी. एकेक अंश तापवत नेलं की घडी उलगडते, आणि तिच्यावर अतिनील प्रकाश टाकला तर तिची चमक बदलते. यंत्र ती चमक मोजायचं, आम्ही आलेख काढायचो. पहिला आलेख नीट आला त्या दिवशी वंदना हळूच म्हणाली, "डोळ्यांना दिसत नाय, पण वाकलेलं कळतं गो." यंत्राच्या काचेच्या कुप्या ती लहान मुलाला न्हाऊ घालावं तशा धुवायची.

प्रथिन ज्या द्रावणात ठेवायचं ते बफर आम्ही दाट करून मोठ्या बाटलीत ठेवत असू. एक बाटली महिनोन्महिने पुरायची. आमच्याकडचा रिवाज असा, की बाटलीवर लेबल असलं म्हणजे तिचं पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, तपासलेलं आहे. पुन्हा तपासणं म्हणजे करणाऱ्यावर अविश्वास. एका शनिवारी बफर करायची पाळी माझी होती. क्षार विरघळवले, लेबल लिहून चिकटवलं, आणि पीएच सोमवारी लावू म्हणून केळशीची गाडी पकडली. सोमवारी मला ताप आला. आठवड्याने परतले तेव्हा ती बाटली माझ्या डोक्यातून पार निघून गेली होती.

त्यानंतर वंदनाचे आलेख बिघडले. तिचं प्रथिन नको तितक्या लवकर उलगडायचं. तिने मासे बदलले, कुप्या बदलल्या, तीन महिने तेच ते केलं. माझं काम तेव्हा दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या द्रावणात चाललेलं, त्यामुळे मला काहीच जाणवलं नाही. शेवटी आमचे मार्गदर्शक सर तिला म्हणाले, "या कामाला तुझा हात नाही." ती हात उलटेपालटे करून बघत मला म्हणाली, "हातालाच काय तरी झालंय गो माझ्या." देवरूखला शिक्षिकेची जागा निघाली, ती गेली.

पुढच्याच महिन्यात मी ती बाटली उघडली आणि सहज पीएच बघितलं. सात हवं होतं, पाचाच्याही खाली होतं; इतक्या आंबट द्रावणात वंदनाचं प्रथिन लवकर उलगडणारच. लेबलावर माझं अक्षर. मी बाटली मोरीत ओतली, घासूनपुसून ठेवली, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. पदवी मला मिळाली.

मुक्ताच्या बारशाला गेले होते, तेव्हा वंदनाने पाळण्याला झोका देता देता विचारलं, "ती मोठी बाटली संपली काय गो?" मी म्हटलं, "संपली." ती "बरं" म्हणाली आणि मला पानावर बसवलं. त्यानंतर मी देवरूखला जायचं टाळत गेले. देवरूख काही सातासमुद्रापलीकडे नाही. लाज वाटायची, दुसरं काय.

ती गेल्यावर महिन्याने मी देवरूखला गेले. मुक्ता आता विज्ञान शिकते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर लेबल होतं: काय, कधी, कुणी केलं. एका बरणीवर मात्र नव्हतं. मुक्ताने ती उचलली, खाली कागदाची पट्टी होती. वंदनाचं अक्षर: आमसुलाचं आगळ. "आई लेबल लिहून बरणीखाली ठेवायची. चव बघून मगच चिकटवायची. वर्गातल्या मुलांनाही तेच सांगायची, आधी पीएच बघा, मग लेबल लावा."

"का, ते सांगितलं कधी?"

"नाही. विचारलं की म्हणायची, माणूस घाईत असतो."

मग मी मुक्ताला सगळं सांगितलं. शनिवार, गाडी, मोरी, बारसं... मला वाटलं, आता ही मला जायला सांगेल, आणि सांगितलं असतं तर मी गेलेही असते. तिने बरणी माझ्यापुढे सरकवली. "मावशी, आईचं हे राहिलंय. तुम्ही बघा."

मी चमचाभर ते खारट-आंबट आगळ जिभेवर घेतलं. मीठ बरोबर होतं. तरी पुन्हा एकदा घेतलं. मग पट्टीला खळ लावली आणि चिकटवली. जरा तिरकी बसली. वंदनाची कधी बसत नसे.