दांजलनं दार वाजवलं

पहाटेपासून डोंगर धुक्याची गोधडी ओढून पडला होता आणि आडवा पाऊस खिडक्या बडवत होता. सुन्नेवा बटाटे सोलत होती, पण जीव सगळा दाराकडे. परवा ती कोपनहेगनहून फारो बेटांवरच्या आपल्या गावी कायमची परतली होती, आणि अजून काळं कुत्रंही घरात फिरकलं नव्हतं.

दोष तिचाच. या गावात दार वाजवायची रीत नाही. बूट काढायचे, सरळ आत शिरायचं आणि कॉफीची वाट बघायची. सुन्नेवानं जन्मभर या रीतीच्या नावानं बोटं मोडली. "आंघोळीलाही सवड देत नाहीत मेले," म्हणायची. लेकाकडे राहायला जाताना हट्टानं दाराला कुलूप बसवून गेली. गावातलं पहिलंच, त्यामुळे लोक बघायला आले होते.

कोपनहेगनात लेक दिवसभर कामावर, त्यामुळे निवांतपणा मिळाला. इतका मिळाला की ती पातेल्यांशी बोलायला लागली. मग एका सकाळी शेजाऱ्याचं दार किलकिलं दिसलं. सवयीनं आत गेली, बूट काढले, टेबलाशी बसली. टॉवेल गुंडाळलेला गृहस्थ बाहेर आला नि किंचाळला.

"होऊ दे सावकाश, मला घाई नाही," सुन्नेवा म्हणाली.

त्यानं पोलीस बोलावले. त्यातला एक चांगला गप्पिष्ट निघाला, तेवढाच विरंगुळा. त्याच आठवड्यात तिनं सामान बांधलं.

आणि आता दारावर टकटक झाली. दार वाजवतात ते परक्याचं.

बाहेर शेजारचा दांजल उभा होता, भिजलेली टोपी छातीशी धरून.

"बाईसाहेब, आत यायची परवानगी आहे का?"

"चेष्टा पुरे. ये आत, मेल्या."

"तुमच्या कुलपाला विचारलं पाहिजे."

"काढून देते ते. तुझ्या मेंढ्यांच्या गोठ्याला लाव."

"मेंढ्यांनी काय पाप केलंय?"

कुंपणामागं कुणीतरी फिसकन हसलं. दांजलची बायको बिरिता, आणि तिच्यामागं अर्धी आळी, सगळे चिंब. न विचारता आत घुसले. दारात बुटांचा ढीग पडला. कुणी तिच्या फडताळातून कप काढले, कुणी चुलीवर पाणी ठेवलं.

"साल केवढी जाड काढतेस गं," बिरिता टोपलीत डोकावत म्हणाली. "शहरात पार बिघडलीस."

"श्वास घ्यायला सवड देत नाहीत मेले," सुन्नेवा पुटपुटली. मग तिनं पोत्यातून आणखी ओंजळभर बटाटे काढले आणि पुन्हा सोलायला बसली. या वेळी साल पातळ.