अर्धी गोधडी कुणाची?

कुठलंही जुनेर समोर ठेवलं की ती आधी त्याच्यावरून हात फिरवायची आणि विचारायची, "बाई हाय का गेली?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला होता. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. मी तेव्हा बोहारीण होते. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची भांडी, आणि हडपसरपासून पार पेठांपर्यंत दारोदार हिंडणं. जुन्या साड्या घ्यायच्या, बदल्यात पातेलं द्यायचं. एकेका पातेल्यासाठी बायका माझ्याशी भांडल्या आहेत आणि मी त्यांच्याशी. साडी कुणाची, ती बाई जिवंत आहे की नाही, हे विचारत बसले असते तर घरात चूल पेटली नसती.

मी म्हटलं, "चाची, विरलीय का बघ, रंग जातो का बघ. बाईशी काय करायचंय?"

"मग वर लावू का आत घालू, कसं कळंल?"

सगळं गावठाण तिला चाची म्हणायचं. हिंदूही आणि मुसलमानही. गोधड्या शिवून तिनं घर चालवलं. तिची रीत अशी: जिवंत बाईचं पातळ गोधडीत वर यायचं, डोळ्यांना दिसेल असं. गेलेल्या बाईचं आतल्या थरात जायचं. "वरचं उन्हात जातं, धुण्यात जातं. गेलेलीचं आता दुसरं यायचं नाय. आत ऱ्हाऊ दे." इतर गोधडीवाल्या असलं काही मानत नाहीत. मी बऱ्याच जणींना माल दिलाय, मला माहीत आहे.

शिवायला ती कडेपासून घ्यायची आणि चारी बाजूंनी फेरे घेत घेत मधे यायची. तिची टाक्यांची ओळ पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ. मधेच कुणी आलं तर सुई थांबायची नाही, फक्त मान वर व्हायची. "बस. पण गोधडीवर पाय देऊ नको, अजून झोपली नाय ती." शिवून पुरी झालेली गोधडी म्हणजे तिच्या भाषेत झोपलेली.

पुढं माझं दुकान झालं. कुणाच्या मेहरबानीनं नाही, माझ्या जिभेच्या जोरावर. पेठांतली फेरी मात्र सोडली नव्हती. कोरेगाव पार्कातल्या बायका गाडीतून माझ्याकडे येऊ लागल्या. त्यांना हातशिलाईच्या जुन्या गोधड्या हव्या असायच्या. त्या कापून त्यांची जाकिटं करतात, उशांचे अभ्रे करतात. आणि त्याच सुमारास चाचीकडे उलटं चाललं होतं. लोक गोधड्या शिवायला टाकायचे आणि न्यायला यायचेच नाहीत. कुणी मुलाकडे परदेशी गेलं, कुणाच्या सुनेनं मशीनवरची मऊ रजई आणली. आयटीतलं एक जोडपं फोनवर म्हणालं, "आंटी, डोनेट करून टाका ना प्लीज." तशात चाचीचा उजवा हात कापायला लागला. मग तर अर्ध्याच शिवलेल्या गोधड्यांची भिंतीला थप्पीच लागली.

मी सरळ बोलले. "सगळ्या मला दे. चांगला भाव देते."

"काय करशील?"

"विकीन."

"कापून?"

मी खोटं बोलत नाही. "कापून."

ती हसली. "मग नाय. आलेली वस्तू ज्या हातानं आली, त्या हातात जाणार. अर्धी तर अर्धी."

अहो, त्या हातांना ती नको आहे म्हणून तर इथं पडलीय! पण तिला कोण सांगणार? एकेक गोधडी बोचक्यात बांधून ती स्वतः पोचवायला निघाली. एकदा सदाशिव पेठेत जायचं होतं, माझं त्या बाजूला काम होतं म्हणून रिक्षात मीही बरोबर होते. दार उघडणाऱ्या काकूंनी बोचकं बघितलं आणि दाराची साखळीही काढली नाही.

"आपण आलात, आनंद झाला. पण या चिंध्या आम्ही घरातून काढल्या होत्या, परत यायला नव्हे."

चाची म्हणाली, "तुमच्या सासूबाईंचं लुगडं हाय आत."

"सासूबाईंनाही ते आवडत नव्हतं. ठेवा बाजूला, आमच्याकडे बोहारीण येते, तिला देईन."

"ती मीच," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. साखळी निघाली, गोधडी आत गेली, दार लागलं. चाची जिना उतरताना खुशीत होती. "घेतली की नाय?" मी म्हटलं, "उद्या फेकतील." ती म्हणाली, "ते त्यांचं. माझ्याकडून गेली."

इथपर्यंत मी हसत सांगितलं. आता माझं स्वतःचं सांगते.

त्या थप्पीत एक गोधडी माझ्या आईची होती. आई आजारी पडली तेव्हा माझ्या भावानं तिला कात्रजला आपल्या फ्लॅटवर नेलं आणि आमची हडपसरची खोली मला न विचारता रिकामी करून टाकली. आईच्या लुगड्यांचं गाठोडं भावजयीनं स्कूटरवरून आणून चाचीकडे दिलं. वाटेत माझं दुकान लागतं. ती थांबली नाही. आईनंच मला फोनवर सांगितलं, "गोधडी शिवायला टाकलीय गं. तुला."

तेव्हा आई होती, म्हणून तिचं हिरवं इरकली लुगडं चाचीनं वर घेतलं होतं. निम्मी गोधडी झाली आणि आई गेली. आणि या बाईनं काय करावं? बसून सगळी उसवली! गेलेल्या बाईचं लुगडं आत जायला हवं ना. हिरवं आत घालून पुन्हा कडेपासून सुरुवात केली. तशीच पुढं शिवली असती तर हात कापायला लागायच्या आत गोधडी पुरी झाली असती. हा माझा पहिला राग.

आईच्या तेराव्यानंतर भावाचं आणि माझं बोलणं बंद होतं. चाचीनं भावजयीला फोन लावला, माझ्यासमोरच. पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "अर्धी काय करायची? टाकून द्या."

मी म्हटलं, "ऐकलंस? आता आण इकडं."

"तुझ्या हातानं आलेली नाय."

"माझ्या आईची आहे!"

"तिची पण सासूच की."

"चाची, तिनं टाकून द्या म्हटलं. मला हवीय. नको म्हणणारीला देतेस आणि हवी म्हणणारीला नाही?"

"तू तिच्याकडं माग. ती देईल."

"मी मागत नाही कुणाकडे. मोल बोल."

झालं. तिनं थप्पीवर चादर ओढली आणि पाठ करून बसली. मी किती बोलले ते लिहीत नाही. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. तिच्या तोंडून एकच, "मोल नको. माग." मी ताडकन निघून आले ती पुन्हा तिच्या घरी गेले नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दुकानावरून जाताना ती मान वळवून बघायची. मी गिऱ्हाईकाशी बोलत राहायचे.

चाची गेल्याचं दुकानातच कळलं. तिच्या घरी गेले तेव्हा भिंत रिकामी होती. तिची मुलगी म्हणाली, "सगळ्या पोचवल्या अम्मीनं. कात्रजची शेवटची. बसनं गेली, एकटी. कुणाला हात लावू दिला नाही."

मी तिथून तशीच कात्रजला गेले. मनात सगळं भांडण तयार होतं. भावाच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये शिरले आणि थांबले. स्कूटरवर माझ्या आईची गोधडी टाकलेली होती. धूळ, कबुतरांची घाण, एका कोपऱ्याला ऑईल. वॉचमन फोनमध्ये डोकं घालून बसला होता. ओढून काखेत मारली असती तर कुणी बघितलंही नसतं.

पण मी चोर नाही. इतकी वर्षं बोहारीण म्हणून दारोदार फिरले. लोकांनी चोर समजून उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, आणि मी कुणाची चिंधी न सांगता उचलली नाही. मी वर गेले आणि बेल दाबली.

भावजयीनं दार उघडलं. ती घाबरली असावी. माझी जीभ तिला माहीत आहे. मी उभीच. भाव कसा करायचा ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. आधी वस्तूला नाव ठेवायचं, मग उठून चालायला लागायचं. इथं नाव काय ठेवू? आणि चालायला लागून जाऊ कुठं?

"गोधडी," मी म्हटलं. "खालची. मला दे."

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. कशाला ते मला अजून कळलेलं नाही. "त्या आजी विचारत होत्या, ताई. 'तुझी मोठी नणंद आली होती का?' मी नाही म्हटलं. तर म्हणाल्या, 'येईल. तोवर फेकू नको.' घरात जागा नाही, म्हणून गाडीवर टाकली. फेकली नाही मी."

ती खाली आली, गोधडी ओढून झटकली आणि माझ्या हातात दिली. चहाला थांबा म्हणाली. मी थांबले नाही. एवढं एका दिवशी मला जमत नाही.

रिक्षा चाचीच्या गल्लीवरून घ्यायला सांगितली. कारण काही नव्हतं, ती नसली तरी भांडायचं होतं. नको असलेल्या घरी माझी वस्तू महिनोन्‌महिने धूळ खात ठेवली, हे मी तिला तोंडावर म्हणणार होते. आजही म्हणते, तिनं मलाच द्यायला हवी होती.

चाचीच्या मुलीनं गोधडी घरात फरशीवर पसरली. "आता ही पुरी कोण करणार?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "अशीच राहील माझ्याकडे."

मग आम्ही दोघी वाकून बघायला लागलो. कडेचे फेरे सरळ, नेहमीसारखे. आत एका जागी टाका घसरला होता. त्याच्या पुढचा वाकडा, पुढचा लांब. मला वाटत होतं, हात कापायला लागला आणि तिनं काम सोडलं. तसं नव्हतं. त्या जागेच्या पुढं अख्खे फेरे होते, एकाआत एक, लहान पोरानं ओढलेल्या रेघांसारखे. कुठं सुई दोनदा त्याच भोकातून गेलेली, कुठं उसवून पुन्हा घातलेली. मी बोट ठेवून त्यांच्यावरून फिरत फिरत आत गेले, जिथं दोरा संपला तिथपर्यंत. तिथं गाठ मारलेली नव्हती.