जळकोटची तुरट बोर

तोंड वाकडं झाल्याशिवाय ज्याला फळ खाल्ल्यासारखं वाटत नाही, असा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला! थोरले साडू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि रानमेव्यातल्या फिनॉलवर पीएच.डी. करतात. भोकर, टेंभुर्णी, कवठ, जे जिभेला ओढून धरतं त्यात फिनॉल जास्त, म्हणून ते फळ थोर. खिशात कायम फेरिक क्लोराइडची बाटली. फिनॉलवर थेंब पडला की काळंनिळं होतं म्हणे. येरमाळ्याला आमच्या धाकट्या मेहुणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा चहातही हा गुण असतो हे पटवायला यांनी मुलाच्या बापाच्या कपातच थेंब टाकला. चहा काळा ठिक्कर! पाहुणे चपला शोधायला लागले, आणि हे मागून ओरडतात, "अहो, तब्येतीला चांगलं असतं ते!" सासऱ्यांनी सहा महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पण साडूंचा खरा जीव अडकला होता जळकोटला, एका म्हाताऱ्या बाबांच्या बांधावरच्या रानबोरीत. एकाच झाडाची तीन हंगामांची बोरं तपासायची होती, दोन झाले होते, तिसऱ्यावर सगळा प्रबंध अडला होता. दरवेळी बोर चोखत ते कौतुकानं म्हणायचे, "बाबा, इतकी तुरट बोर जिल्ह्यात दुसरी नाही!"

यंदा माझ्या मोटारसायकलवर आम्ही गेलो. बाबा हसत सामोरे आले. बोर बुंध्यापाशी छाटलेली, तिला नवे फुटवे आणि त्यांवर लिंबाएवढी टपोरी बोरं.

"उन्हाळ्यात छाटली अन् गोड बोरीचं डोळं भरून कलम करून घेतलं," बाबा म्हणाले. "सर, तुमी एवढ्या लांबून यायचं अन् तुरट बोरं घेऊन जायचं. लई लाज वाटायची बगा मला."

मी कपाळाला हात लावला. साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. आता हे म्हाताऱ्याला फाडून खाणार, अशी माझी खात्रीच झाली. त्यांनी एक बोर तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि म्हणाले, "लई गोड हाय, बाबा." बाबा असे खुलले, की उरलीसुरली बोरंही त्यांनी साडूंच्या रुमालात बांधली.

परतताना मी चिडून म्हणालो, "अहो, खरं सांगायचं ना! दोन हंगाम पाण्यात गेले तुमचे."

"जाऊ द्या हो," मागून आवाज आला. "माझ्यासाठी आजवर कुणी झाड गोड करून ठेवलं होतं?"