आप्पा रोज गाडी चालू करायचे

बॉनेटला हात लावला आणि माझं डोकंच फिरलं. बॉनेट गरम.

"आप्पा, गाडी चालू केली होती?"

"हो ना भाऊ," आप्पा खूश होऊन म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून मीच बराच वेळ चालू ठेवून गरम करून ठेवली. तुमले ताटकळायला नको."

पाहुण्यासाठी चहा तयार ठेवावा तसं त्यांनी माझ्यासाठी इंजिन तयार ठेवलं होतं. आता यांना काय बोलणार? तक्रार होती कोल्ड स्टार्टची, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा चालू होताना होणाऱ्या त्रासाची. इंजिन एकदा तापलं की हा दोष दडून बसतो. बमरोलीला आप्पांच्या घरापर्यंतची माझी फेरी फुकट गेली.

उधन्याला माझं छोटं गॅरेज आहे. जालन्याकडून सुरतला आलो तेव्हापासून हाच धंदा. आप्पा शहाद्याकडचे, सगळी उमर कापडाच्या लूमवर काढलेली, आता घरी एकटेच. गाडी त्यांची नव्हती, मुलाची. नितीन हजीऱ्याच्या एका प्लांटमध्ये नोकरीला असताना त्याने ती घेतली. मग तो कॅनडाला गेला, तिथलाच झाला, आणि आता त्याला गाडी विकायची होती. दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली होती. जुनी गाडी घेणारा माणूस पक्का असतो. सकाळी येतो, आधी बॉनेट थंड आहे ना ते बघतो आणि मग आपल्यासमोर चालू करायला लावतो. ही गाडी चालू झाली की थरथरायची, आरपीएमचा काटा वरखाली नाचायचा, आता बंद पडते की मग असं व्हायचं. थोड्या वेळाने आपोआप शांत. ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन जे संथ चालतं त्याला आयडल म्हणतात, आणि ते असं अडखळत चाललं की रफ आयडल.

माझ्याआधी एकाने इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली होती, दुसऱ्याने सेन्सर बदलला होता. फरक शून्य. नितीनने फोनवर मला बजावलं, "अंकल, गाड़ी ठंडी हो तब भी एकदम मक्खन चलनी चाहिए. पार्टी सुबह ही आती है." आप्पांना काय वाटतं हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. "मी येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही," असा दम आदल्या दिवशीच भरला होता. आप्पा अंघोळ करून, गंध लावून तयार. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि किल्ली फिरवली. गाडी लागली थरथरायला. मी स्कॅनर जोडून बघत होतो. मिसफायर दिसत होता, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जातंय पण नीट पेटत नाहीये. आता कुठे धागा हाताला लागतोय, तोच इंजिन बंद.

"बंद का केली?"

"झालं ना. रोज इतलंच करस मी."

"रोज?"

"पोऱ्या कॅनडाला जाताना सांगून गेला, बॅटरी उतरायला नको."

"आणि चालवत नाही कधी?"

आप्पा हसले. "माले कुठे येते चालवता!"

दुखणं सापडलं. थंड इंजिनला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं. ते जाळायला इंजिन तापावं लागतं. आप्पा तापायच्या आतच बंद करायचे. रोज थोडं न जळलेलं पेट्रोल, रोज थोडी काजळी स्पार्क प्लगच्या टोकावर. ऑइल तपासायची पट्टी ओढून नाकाशी धरली, तर ऑइललाही पेट्रोलचा वास. गाडी जपायला म्हणून जे चाललं होतं त्यानेच ती बिघडत होती.

प्लग बदलले, ऑइल आणि फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. मग इंजिन चांगलं तापवायला गाडी हजीरा रोडला काढली. आप्पा शेजारच्या सीटवर, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"सकाळी गाडीना आवाज ऐकला ना," ते म्हणाले, "की वाटतं पोऱ्या ड्युटीवर निघाला. शेजारीन विचारते, नितीन आला का? मी सांगतो, येईल."

मी "हं" म्हणालो. माझं लक्ष टेम्परेचरच्या काट्यावर होतं. काटा अगदी बरोबर जागेवर आला होता आणि मी खुशीत होतो. आज ते आठवलं की स्वतःची चीड येते. माणूस शेजारी बसून सगळं उघड सांगत होता आणि मला फक्त इंजिन ऐकू येत होतं.

घरी सोडताना, बॅटरी उतरू नये म्हणून मी तिचं टर्मिनल काढून ठेवलं. "आता रोज चालू करायची नाही, आप्पा. गिऱ्हाईक आलं की मला फोन करा." त्यांनी मान हलवली.

नवसारीची पार्टी आली. त्या माणसाने बॉनेटवर हात ठेवला, थंड. मी टर्मिनल लावलं, त्याने किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू, काटा जागचा हलला नाही. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. तो तेव्हाच गाडी घेऊन गेला. नितीनने मोबाइलवर अंगठा पाठवला. आप्पा गेटपाशी उभे होते. त्यांना नीट निरोप न देताच मी दुसऱ्या कामाला पळालो.

पुढे एकदा आप्पा गॅरेजवर आले. काम काहीच नव्हतं. मी चहा मागवला.

"भाऊ, काम चांगलं केलं तुम्ही," ते म्हणाले. अर्धा चहा झाल्यावर पुन्हा बोलले. "थोडं वाईट केलं असतं, तरी चाललं असतं."

रागाने नाही म्हणाले.

तेव्हापासून गाडी हातात घेण्याआधी मी एक प्रश्न जास्त विचारतो: ही नीट व्हावी असं घरात कोणाकोणाला वाटतंय? गिऱ्हाइकं हसतात, कारण बहुतेक घरांत सगळ्यांनाच वाटत असतं.